आईच्या घेवड्यावरचा आळ

‘माझ्या आजीने माझ्या आईला सासरी पाठवताना तिच्या ओटीत घेवड्याचं उकडलेलं बी घातलं. आपल्या परसातलं वाण पोटच्या मुलीच्याही दारी जाऊ नये, एवढाच त्यामागे हेतू होता. त्याच वर्षी आजीचा स्वतःचा मांडव मात्र घेवड्याच्या भाराने वाकला होता. माझ्या मामांना हे सर्व ठाऊक होतं, म्हणूनच आमच्या दौंडच्या परसात ते मान खाली घालून उभे राहिले.’

माझा भाचा सुधाकर याने अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, वर्षश्राद्धाला जी पुस्तिका वाटली तिच्यातला हा मजकूर आहे. त्यातला मामा तो मी. चार वाक्यांतल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, हे मी आरंभीच मान्य करतो. मांडव वाकला होता आणि मी मान खाली घातली होती. त्यामागचा म्हणून सांगितलेला हेतू मात्र खोटा आहे. मोजणी खात्यात माझी सगळी नोकरी शेतांच्या हद्दी ठरवण्यात गेली. बांध सरकवणारा माणूस संपूर्ण शेत कधीच खोटं दाखवत नाही, दोन दगड खऱ्या जागी ठेवून तिसरा हलवतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलेलं आहे. पुस्तिका हाती पडली त्याच दुपारी मी शिरूरहून सुधाकरला फोन लावला. तो कुरकुंभच्या एका कंपनीत कामाला आहे.

‘मामा, सेकंड शिफ्ट हाय, गेटवरच उभा हाय. थोडक्यात बोला.’

‘थोडक्यात लिहिलं असतंस, तर थोडक्यात बोललो असतो.’

‘अवो, आईनंच सांगितलंय सगळं. मी पदरचं काय घातलं न्हाई.’

‘तुझ्या आईला जे ठाऊकच नव्हतं, ते ती कुठून सांगणार?’

‘मंग तुम्हाला ठाऊक व्हतं, तर इतकी वर्सं तोंडात काय धरून बसला हुता?’

त्यावर मी काही बोलण्याआधीच भोंगा झाला. ‘पंचिंगची येळ झाली,’ असं म्हणून त्याने फोन ठेवला. उत्तर त्याला तोंडी देता आलं असतं की नाही, याविषयी मी आजही साशंक आहे. म्हणून हे प्रकरण लिहीत आहे.

आमचं घर शिरूरला, घोडनदीच्या अंगाला, गावाच्या शेवटच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, वर पत्रा, मागे परस. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. ते बाजार समितीत मापाडी होते, आणि काट्यावर उभं राहून मोठ्याने वजनं पुकारण्याची सवय घरीही सुटली नव्हती. भाकरी आणखी एक हवी असली तरी ते ती पुकारूनच मागत. आई उलट इतकं हळू बोलत असे, की तिचं बोलणं ऐकायला चुलीजवळ जाऊन बसावं लागे. न्हाणीचं पाणी एका उथळ पाटाने परसात जाई आणि त्या पाटाच्या दोन्ही बाजूंना चार चार आळी होती. आठ आळ्यांतून आठ वेल बाभळीच्या मेढींवर चढत आणि तुराट्यांच्या मांडवावर एकमेकांत असे मिसळत, की कोणती शेंग कोणत्या वेलाची हे सांगता येत नसे. हा घेवडा आईने तिच्या माहेराहून आणला होता. तिच्या आईने तो तिच्या ओटीत घातला होता, आणि तिच्या आईला तिच्या आईने. आमच्या घरात सोनं म्हणावं असं काही नव्हतं. एका पिढीने दुसरीच्या हाती दिलेली अशी ही एकच वस्तू होती, आणि ती दर वर्षी मातीत घालून पुन्हा काढावी लागत असे.

थंडी सुरू झाली की मांडवाखालून जाताना शेंगा डोक्याला लागत. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन येत आणि आई ओंजळी भरभरून देई. मात्र बी तिने कधी कोणाला दिलं नाही. ‘भाजी मागा, बी मागू नगा. बी लेकीचं असतं,’ हे तिचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्यामुळे तिच्या माघारी तिला चिकट म्हणणाऱ्याही काही जणी होत्या. सुधाकरने आपल्या पुस्तिकेत हाच चिकटपणा पुरावा म्हणून वापरला आहे. ज्या वाक्यात लेकीचा हक्क सांगितला आहे, तेच वाक्य लेकीला फसवल्याचा पुरावा म्हणून कसं पुढे केलं जातं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता जे सांगतो त्याकडे नीट लक्ष द्यावं, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. घेवडा ठेवण्याच्या आईच्या दोन रीती होत्या, एक खाण्याची आणि एक पेरण्याची. खाण्यासाठी कोवळ्या शेंगांच्या शिरा काढून त्या मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, रंग पालटला की रोवळीत उपसायच्या आणि बाजेवर जुनं लुगडं पसरून कडक उन्हात वाळवायच्या. भरलेल्या शेंगांचे दाणेही सोलून असेच उकडून वाळवले जात. चैत्र-वैशाखात बाजारात माळवं, म्हणजे ताजी भाजी, दिसेनासं झालं, की याच दाण्यांची काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली आमटी होत असे. बाजरीच्या भाकरीबरोबर ती खाताना आप्पा काहीही पुकारत नसत, यावरून तिची चव ओळखावी. पेरण्याची रीत वेगळी. मांडवाच्या माथ्यावरच्या काही शेंगांना आई लाल चिंधी बांधी. त्या शेंगा कोणी तोडायच्या नाहीत. वेलावरच वाळून त्या खुळखुळू लागल्या, की ती त्या उतरवी, सोली, दाणे सुपात पसरून आणखी चार उन्हं दाखवी, मग गोवरीच्या चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरी आणि मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपून टाकी. उकडून वाळवलेला दाणा आणि बियाचा दाणा यांत फरक असतो. उकडलेल्याची साल किंचित सुरकुतते आणि तिच्यावरची चकाकी जाते. एकदा राख फासली, की तो फरक दिसत नाही.

अक्काचं लग्न ठरलं त्या फाल्गुनात घराची नुसती धांदल होती. पापड, कुरडया, हळद, लाकूडफाटा, सगळं एकाच वेळी चाललं होतं. मी सोळा वर्षांचा होतो. एके दिवशी शेजारच्या पत्र्यावर, आमचा अर्धा पत्रा मोडका असल्यामुळे, दोन सुपं वाळत होती. एकात आमटीचे दाणे, दुसऱ्यात बी. दुपारी वावटळ उठली. आई कुरडयांच्या चिकात हात घालून बसली होती. तिने आतूनच हाक दिली, ‘बाळ्या, सुपं उतरव रं!’ मी शिडीवर चढलो आणि सुपं उतरवली. इथपर्यंत कोणाचाच वाद नाही.

यापुढे मात्र माझी स्मृती मला साथ देत नाही, आणि मी ते लपवणार नाही. अक्का पुढे चारचौघांत विषय निघाला की हसत हसत म्हणत असे, ‘आमच्या बाळ्यानं सुपं बदलली आन् माझं बी आमटीत गेलं.’ ही दुसरी आवृत्ती. तीही मी स्वीकारत नाही, कारण अक्का त्या वेळी पत्र्याजवळ नव्हती, हळकुंडं कांडत होती, आणि न पाहिलेल्याची साक्ष ग्राह्य नसते. परंतु मी स्वतः काय पाहिलं? कधी मला आठवतं, की बियाचं सूप मी डाव्या हाताला कोनाड्याखाली ठेवलं आणि आईला तसं सांगितलं. कधी आठवतं, की मी काहीच सांगितलं नाही, कारण डोळ्यांत माती गेली होती. कधी तर दोन सुपांच्या जागी एक सूप आणि एक घमेलं दिसतं, आणि घमेलं त्या दिवशी पत्र्यावर नव्हतंच, याची मला खात्री आहे. आईने ज्या कोणत्या सुपातले दाणे राखेत घोळले, ते तिने चुलीच्या धुरात, एका हाताने पाहुण्यांना पाणी देत असताना केलं. ती चुकली, की मी तिला चुकवलं? वकिलाच्या आवेशाने मी या प्रश्नाची उलटतपासणी असंख्य वेळा घेतली आहे. साक्षीदार दर वेळी जबाब बदलतो.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या सकाळी आईने मडक्याचं लिंपण खुरप्याने फोडलं. राखेसकट अर्ध्या बिया तिने एका पांढऱ्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि खण, नारळ, तांदूळ यांच्याबरोबर ती अक्काच्या ओटीत घातली. उरलेल्या बिया मडक्यातच ठेवून तिने ते पुन्हा झाकलं. अक्काच्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. ‘विहीणबाई, हे वो काय?’ त्यांनी विचारलं. ‘घेवडा,’ आई म्हणाली. ‘आमच्याकडं दौंडात काय भाजी मिळत न्हाई व्हय?’ असं म्हणून त्या हसल्या आणि सगळ्या बायका हसल्या. आईही हसली. पुस्तिकेत हा प्रसंग नाही. का नाही, हे सुधाकरला विचारावं लागेल.

आषाढात आमच्या परसात काय घडलं, ते मी शेवटी सांगेन. पुरावा कोणत्या क्रमाने मांडायचा हा मांडणाऱ्याचा अधिकार असतो. आधी दौंड.

नागपंचमीसाठी अक्काला माहेरी आणायला मुराळी म्हणून मला पाठवलं गेलं. लग्नानंतरची पहिली पंचमी होती. आईने नवं लुगडं काढून ठेवलं होतं आणि शेजारच्या लिंबाला झोका बांधायला आप्पांनी बाजारातून दोरही आणला होता. मी सकाळच्या एस्टीने निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत वाळवलेल्या शेंगांचा डबा. अक्काचं घर रेल्वेच्या वसाहतीपलीकडे होतं. तिचे सासरे रेल्वेत होते. इंजिनांच्या शिट्ट्या आणि डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज त्या घरात सारखा येत असे, आणि तिथली माणसं त्या आवाजावर आवाज चढवून बोलत. मला वाटलं, सगळे भांडतच आहेत. थोड्या वेळाने खरोखरच भांडण सुरू झालं, तेव्हा फरक लगेच लक्षात आला नाही.

सासूबाईंनी मला चहाही न विचारता परसात नेलं. तिथे नवा कोरा मांडव उभा होता, चांगला खांद्याइतका उंच, आणि त्यावर एक पानही नव्हतं.

‘बघ,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या दाजीनं दोन दिस राबून मांडव घातला. आता त्यावर काय धुणं वाळत घालू?’

मी मांडवाच्या एका मेढीला हात लावून पाहिला.

‘म्हटलं पानी जास्ती झालं आसंल. म्हनून उरलेलं बी वाटीत भिजत घातलं.’ त्यांनी कोनाड्यातली वाटी माझ्या हातात दिली. आंबूस वास आला. दाणे टच्च फुगले होते आणि एकालाही मोड नव्हता. त्यांनी त्यातला एक दाणा उचलून अंगठ्याने दाबला. साल सटकली आणि आतलं पीठ त्यांच्या बोटाला लागलं. ते बोट त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. ‘कच्चा दाना असा दबतो व्हय रं? ह्येला उकड दिल्याली हाय. मी काय जलमभर चूल बघितली न्हाई? न्हाई द्यायचं तर देऊ नये. पर लेकीच्या वटीत मेलेलं घालायचं? नव्या नवरीच्या वटीत?’

शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या, आणि त्याचीच मला भीती वाटली. तोवर मला ते केवळ बियाचं भांडण वाटत होतं. ओटीत मेलेलं बी म्हणजे त्या बाईच्या मनात काय उभं राहिलं असेल, ते त्या वयात मला पुरतं कळलं नाही. पण अक्का मागच्या दारात उभी होती, तिच्या हाताला पीठ होतं, आणि तिचा चेहरा पाहून काहीतरी फार मोठं मोडतं आहे, एवढं समजलं.

‘बाळ्या,’ अक्का म्हणाली, ‘आईनं जाणून केलं का रं?’

एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. एक मालगाडी शिट्टी देत गेली, आणि ती संपेपर्यंत सगळे माझ्याकडे पाहत थांबले. मग ती गेली आणि मी मान खाली घातली.

‘बगा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोरगं खोटं तरी बोलत न्हाई.’

अक्का आत गेली. थोड्या वेळाने तिने मला जेवायला वाढलं, समोर बसली नाही. निघताना म्हणाली, ‘तू जा. मी येत न्हाई पंचमीला.’ डबा मात्र तिने ठेवून घेतला; तो तिने उघडला की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी मी एकटाच एस्टीतून उतरलो. आई दारात उभी होती. माझ्या मागे कोणी उतरतं का, हे तिने दोनदा वाकून पाहिलं. मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘तू काय बोललास का?’

‘न्हाई.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली, आणि काढून ठेवलेलं लुगडं घडी करून परत ट्रंकेत ठेवलं. आप्पांना तिने सांगितलं, की तिकडे पाहुणे आहेत म्हणून पोरीला येता आलं नाही. झोका बांधला गेला नाही. अक्का पुढे दीड वर्षाने आली, ती सुधाकरच्या बाळंतपणाला. मायलेकी एकाच बाजेवर बसून बाळंतविडा शिवत होत्या, गप्पा मारत होत्या, पण घेवडा हा शब्द दोघींपैकी एकीनेही उच्चारल्याचं मला आठवत नाही. तो शब्द टाळण्यासाठी त्या किती वळसे घेत, ते ऐकून मी परसात निघून जात असे.

आता मांडवाविषयी. सुधाकरचा मुख्य आधार असा, की त्याचे आजोबा, म्हणजे अक्काचे सासरे, त्या दिवाळीला कामानिमित्त शिरूरला आले, तेव्हा त्यांनी आमचा मांडव शेंगांनी लगडलेला पाहिला आणि घरी जाऊन सांगितलं. त्यांनी पाहिलं, हे खरं आहे. त्यांनी रेल्वेत आयुष्य काढलं; घेवड्याचं एक वाण दुसऱ्यापासून ओळखण्याची अपेक्षा त्यांच्याकडून मी करत नाही. त्या वर्षी मांडवावर होता तो आठवडे बाजारातला घेवडा. तो मी आणला होता. रुंद, फिकट, भसाभस लागणारा. शिजवला की त्याचं पाणी होई. आईने त्याच्या एकाही शेंगेला चिंधी बांधली नाही आणि त्याची एक शेंगही वाळवली नाही. ‘पुढच्या वर्षी बगू,’ असं ती पुढची सगळी वर्षं म्हणत राहिली.

बाजारात जायला तिने मला का सांगितलं, ते असं. आषाढ लागला तेव्हा आईने मडक्यात उरलेलं बी आठ आळ्यांत टोकलं. आठ दिवस गेले, दहा गेले. ती रोज सकाळी तांब्या घेऊन परसात जाई आणि वाकून पाही. बाराव्या दिवशी तिने मला हाक मारली. जे काही झालं ते मी कोणाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. शपथेबरोबर ती आणखी एक वाक्य बोलली, आणि ते वाक्य कोणतं होतं, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा घोटाळा आहे. कधी मला स्वच्छ ऐकू येतं, ‘बी राखता आलं न्हाई, म्हनतील मला.’ तसं असेल, तर माझी आई अभिमानी होती. बी राखणारी म्हणून मिळवलेलं नाव जाण्यापेक्षा तिने कपटी ठरणं पत्करलं, आणि हा स्वभाव मला कुठून आला हे वेगळं सांगायला नको. पण कधी, तितक्याच स्वच्छपणे, मला ऐकू येतं, ‘सुपं कुनी उतरवली, ते इचारतील.’ तसं असेल, तर तिने तो आळ माझ्यासाठी घेतला. दोन्ही वाक्यं तिच्याच आवाजात आहेत, दोन्ही वेळा तिचे हात मातीने भरलेले आहेत. एकाच बांधाच्या अशा दोन साक्षी समोर आल्या, की मी नोकरीत दोन्ही बाजूला ठेवत असे. इथे मला तेही करता येत नाही.

शपथेने मला दौंडला गप्प ठेवलं, आणि आई गेल्यावर कोणीच विचारलं नाही म्हणून मी गप्प राहिलो. न विचारता खुलासे करणं माझ्या स्वभावात नाही. अक्काने मात्र विचारलं होतं. एकदाच विचारलं होतं, हाताला पीठ असताना, आणि मी तिला उत्तर दिलं नाही. आता ते ऐकायला ती नाही, म्हणून सुधाकरने ते पुस्तिकेच्या पुढच्या प्रतींत छापावं, अशी माझी मागणी आहे. आईच्या हेतूविषयी ज्याला जे लिहायचं असेल ते त्याने लिहावं, पण आधी ही एक गोष्ट लिहावी, कारण तिच्यापुढे बाकी काहीही टिकत नाही. दौंडच्या त्या परसात मी मान खाली घालून उभा राहिलो, त्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या आठही आळ्यांतलं, आईने स्वतःसाठी राखून पेरलेलं बी मी तिच्यासमोर माझ्या बोटांनी उकरून काढलं होतं, आणि ते एकूण एक उकडलेलं होतं.